गाणी, गिगाबाइट आणि ग्राहक : खिशातल्या डिजिटल संगीतयंत्रांच्या जाहिरातीचा आणि विक्रीचा आढावा

खिशात मावणाऱ्या डिजिटल संगीतयंत्राची, म्हणजे बाजारात सरसकट एमपीथ्री प्लेअर म्हणून ओळखल्या गेलेल्या वस्तूची कारकीर्द 1998 मध्ये सुरू झाली आणि ॲपल कंपनीने 10 मे 2022 रोजी आयपॉडचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले तेव्हा तिचा मुख्य अध्याय संपला. या पाव शतकात या यंत्राच्या जाहिरातीविषयी भरपूर लिहिले गेले आणि त्यातल्या बहुतेक लेखनाने यशाचे श्रेय एका कंपनीच्या कल्पक जाहिरातींना देऊन टाकले. हा निष्कर्ष उपलब्ध आकड्यांशी आणि घटनाक्रमाशी ताडून पाहिला तर तो अपुरा ठरतो. हे यंत्र तिथेच खपले जिथे ग्राहकाला त्यात भरायची गाणी कुठून आणि कशी मिळणार या प्रश्नाचे उत्तर तयार होते. आणि जाहिराती मात्र जवळजवळ नेहमी या प्रश्नाला वळसा घालून बोलत राहिल्या.

पूर्वपीठिका थोडक्यात पाहावी लागते. सोनी कंपनीने 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये 33,000 येन किमतीला आणलेला पहिला वॉकमन हे कॅसेट वाजवणारे, पण ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र होते आणि अशी वस्तू कोण घेणार अशी शंका विक्रेत्यांना होती. सोनीने तरुण मुलामुलींना हेडफोन लावून तोक्योच्या रस्त्यांवर फिरवले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानाला ते लावून दिले. अनुभव दिल्याशिवाय या वस्तूचे वर्णन करता येत नाही, हे त्या कंपनीने ओळखले होते. शुहेई होसोकावा यांचा 1984 मधील वॉकमनच्या परिणामांवरचा निबंध आणि पॉल द्यू गे, स्टुअर्ट हॉल प्रभृतींचे 1997 मधील वॉकमनवरचे पुस्तक यांमुळे या यंत्राच्या सांस्कृतिक अर्थाचा अभ्यास सुरू झाला. पण वॉकमन विकणाऱ्याला कॅसेटची चिंता करावी लागत नव्हती. ती शेजारच्याच दुकानात मिळत होती. डिजिटल यंत्राची अडचण इथूनच सुरू होते.

एमपीथ्री हे ध्वनी साठवण्याचे असे तंत्र आहे, ज्यात माणसाच्या कानाला फारसा जाणवणार नाही असा ध्वनीचा भाग गाळून फाइलचा आकार सीडीवरील मूळ ध्वनीच्या सुमारे दहाव्या-बाराव्या भागापर्यंत खाली आणला जातो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचा या तंत्रात मोठा वाटा आहे, आणि जोनाथन स्टर्न यांचे 2012 मधील पुस्तक त्याचा विस्तृत इतिहास सांगते. या फाइली वाजवणारे पहिले खिशातले यंत्र, एमपीमॅन, दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने 1998 मध्ये आणले आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचे रिओ सुमारे 200 डॉलरला विक्रीला आले. रिओची स्मृती 32 मेगाबाइट होती. सेकंदाला 128 किलोबिट या तेव्हाच्या रूढ दराने, म्हणजे एका सेकंदाच्या संगीतासाठी तेवढी माहिती साठवायची म्हटली तर, तिच्यात अर्ध्या तासाहून थोडेच अधिक संगीत बसत असे. साध्या कॅसेटमध्ये एक ते दीड तासाचे संगीत मावत असताना अर्ध्या तासासाठी 200 डॉलर मोजणारा ग्राहक हा यंत्राच्या नवेपणावर लुब्ध झालेलाच असणार.

रिओची सर्वात मोठी प्रसिद्धी त्याच्या विरोधकांनी केली. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ऑक्टोबर 1998 मध्ये डायमंडविरुद्ध दावा लावला आणि घरगुती ध्वनिमुद्रणाविषयीच्या 1992 च्या कायद्याखाली हे यंत्र रोखावे, अशी मागणी केली. अपील न्यायालयाने जून 1999 मध्ये ती फेटाळली. रिओ थेट संगीताचे मुद्रण करत नाही, ते संगणकावर आधीच असलेल्या फाइलची प्रत घेते, आणि स्वतःजवळचे संगीत स्वतःच्या सोयीसाठी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा वैयक्तिक वापर आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. या निकालाने यंत्र विकणे कायदेशीर ठरले, पण त्यात भरली जाणारी गाणी कुठून येतात हा प्रश्न तसाच राहिला. त्याच जून महिन्यात नॅपस्टर ही इंटरनेटवरून फाइलींची देवाणघेवाण करू देणारी सेवा सुरू झाली आणि फुकट, विनापरवाना फाइलींचा पूर आला. त्यामुळे या काळातल्या विक्रेत्यांची स्थिती चमत्कारिक होती: ज्या साठ्यामुळे यंत्राला अर्थ येत होता, त्याचे नाव जाहिरातीत घेता येत नव्हते. म्हणून जाहिराती मेगाबाइट, वजन, बॅटरीचे तास, संगणकाशी जोडणीचा वेग असे आकडे बोलत राहिल्या.

23 ऑक्टोबर 2001 रोजी ॲपलने आयपॉड सादर केला तेव्हा त्याच्यात तांत्रिकदृष्ट्या अपूर्व असे फारसे नव्हते. हार्ड डिस्क असलेले, सुमारे 5 गिगाबाइट क्षमतेचे प्लेअर 1999 पासून होते आणि सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचा 6 गिगाबाइटचा नोमॅड ज्यूकबॉक्स 2000 पासून दुकानात होता. तोशिबाच्या 1.8 इंची डिस्कमुळे आयपॉड लहान झाला, एवढा फरक होता आणि तो महत्त्वाचाही होता. परंतु विक्रीच्या भाषेत त्याने केलेला बदल अधिक खोल होता. 5 गिगाबाइट असे न म्हणता ‘खिशात हजार गाणी’ असे म्हटले गेले. हा दावा तपासून पाहता येतो. सेकंदाला 160 किलोबिट दराने चार मिनिटांचे गाणे साधारण 4.8 मेगाबाइट जागा घेते, आणि 5 गिगाबाइटमध्ये अशी हजाराहून थोडी जास्त गाणी बसतात. म्हणजे जाहिरात खरी होती आणि तिने मोजमाप ग्राहकाच्या हातात दिले, कारण घरात किती गाणी आहेत हे माणसाला ठाऊक असते, किती गिगाबाइट आहेत हे नसते. ग्राहकाच्या एककात बोलणे हा या सगळ्या इतिहासातला जाहिरातीचा सर्वात प्रामाणिक क्षण म्हणावा लागेल. दुर्दैवाने हेच एकक पुढे सैल झाले. अनेक कंपन्यांनी खोक्यावर गाण्यांची संख्या छापताना सेकंदाला 64 किलोबिट असा, रूढ 128 च्या निम्मा दर गृहीत धरला आणि ही अट बारीक अक्षरांत टाकली, त्यामुळे त्याच क्षमतेच्या यंत्रात कागदोपत्री दुप्पट गाणी दिसू लागली. गाण्यांची संख्या सांगायची तर दर ठळकपणे सांगितलाच पाहिजे, हा संकेत उद्योगाने स्वतःहून कधीच पाळला नाही.

आयपॉडच्या जाहिरातींतला सर्वात गाजलेला टप्पा छायाकृतींचा. टीबीडब्ल्यूए शायट डे या जाहिरात संस्थेने 2003 मध्ये तयार केलेल्या या मालिकेत भडक एकरंगी पार्श्वभूमीवर नाचणाऱ्या माणसांच्या काळ्या आकृती होत्या आणि त्यात फक्त पांढरे यंत्र व त्याच्या पांढऱ्या तारा उठून दिसत. चेहरा नसल्यामुळे नाचणारा कोणीही असू शकत होता. यंत्र खिशात दडलेले असले तरी कानातली पांढरी तार रस्त्यावर दिसत असल्यामुळे प्रत्येक ग्राहक नकळत जाहिरातीचा फलक बनत होता. मायकेल बुल यांनी 2007 मधील आपल्या पुस्तकात शहरातला माणूस या यंत्राच्या साहाय्याने स्वतःभोवती कसे खाजगी ध्वनिविश्व उभे करतो याचे विवेचन केले आहे. मौज अशी की जाहिरातीतला माणूस मात्र एकटा असूनही सर्वांसमोर, अंग विसरून नाचत असे. एकांत विकताना त्याचे चित्र उत्सवाचे काढले गेले.

या मालिकेने आयपॉड खपवला, असे सरसकट लिहिले जाते, म्हणून आकडे पाहणे आवश्यक आहे. सप्टेंबरअखेर संपणाऱ्या हिशेबी वर्षांनुसार 2004 मध्ये सुमारे 44 लाख, 2005 मध्ये सुमारे 2 कोटी 25 लाख आणि 2008 मध्ये सुमारे 5 कोटी 48 लाख आयपॉड विकले गेले, आणि 2008 चा आकडा हा शिखराचा होता. उसळी छायाकृतींनंतर आली यात शंका नाही. पण पहिला आयपॉड केवळ मॅकिंटॉश संगणकावर चालत होता आणि जगातले बहुसंख्य संगणक विंडोजचे होते. विंडोजसाठीचा आयपॉड जुलै 2002 मध्ये, 99 सेंटला एक गाणे विकणारे आयट्यून्स स्टोअर एप्रिल 2003 मध्ये आणि आयट्यून्स या संगणकावरील संगीतप्रणालीची विंडोजवर चालणारी आवृत्ती ऑक्टोबर 2003 मध्ये आली. म्हणजे मालिका झळकली त्याच सुमारास यंत्रापुढचा मोठा अडसर दूर झाला. त्यानंतर जानेवारी 2004 मध्ये 249 डॉलरचा आयपॉड मिनी आणि जानेवारी 2005 मध्ये 99 डॉलरचा आयपॉड शफल आला, म्हणजे किंमतही उतरली. एवढ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या असताना त्यांतला जाहिरातीचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि जो काढल्याचा दावा करतो त्याच्याकडे पुराव्यापेक्षा विश्वास अधिक आहे. जाहिरातीने इच्छा निर्माण केली असेल, पण ती पुरी करण्याची वाट त्याच महिन्यांत बांधली गेली म्हणून ती इच्छा फलद्रूप झाली.

या वाटेविषयीही एक गैरसमज आहे. दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांवर आयपॉड चालला, असे मानले जाते. परंतु फेब्रुवारी 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनातच असे म्हटले होते की तोवर विकल्या गेलेल्या प्रत्येक आयपॉडमागे स्टोअरमधून सरासरी 22 गाणी घेतली गेली, म्हणजे हजार गाण्यांच्या यंत्रात तीन टक्क्यांहून कमी. बाकीची गाणी स्वतःच्या सीडीवरून किंवा विनापरवाना मार्गांनी आलेली होती. तरीही स्टोअर महत्त्वाचे ठरले, कारण त्याच्या अस्तित्वाने यंत्राला प्रतिष्ठा दिली आणि सन्मान्य मार्ग दाखवून जाहिरातीला मोकळेपणाने बोलता येऊ लागले. फेब्रुवारी 2004 मध्ये पेप्सीबरोबर केलेल्या जाहिरातीत तर फाइली उतरवल्याबद्दल खटले झालेली मुलेच पडद्यावर येऊन आता कायदेशीर गाणी फुकट मिळणार असे सांगत होती. पाच वर्षांपूर्वी ज्याचा उल्लेख टाळायचा, तोच विषय आता जाहिरातीचा मजकूर झाला होता.

प्रतिस्पर्ध्यांचे अपयश याच निकषावर पाहिले की नीट उलगडते. क्रिएटिव्हचे प्रमुख सिम वाँग हू यांनी 2004 च्या अखेरीस एमपीथ्रीचे युद्ध पुकारल्याचे जाहीर करून जाहिरातीसाठी 10 कोटी डॉलर बाजूला काढले, आणि तरीही बाजारातले स्थान बदलले नाही. या कंपनीचे तांत्रिक हक्क खरे होते, कारण गाण्यांच्या याद्या लावण्याच्या पद्धतीवरील तिच्या पेटंटपोटी ॲपलने 2006 मध्ये तिला 10 कोटी डॉलर दिले. म्हणजे जेवढे युद्धावर घालवायचे ठरले होते तेवढेच न्यायाच्या वाटेने परत आले. सॅनडिस्कने 2006 मध्ये आयपॉड घेणाऱ्यांना मेंढरे ठरवणारी मोहीम चालवली. ज्याला उद्या आपला ग्राहक करायचे त्याचाच उपमर्द करणारी ही जाहिरात आजही टाळायच्या गोष्टींचा नमुना म्हणून शिकवण्याजोगी आहे. सोनीची गोष्ट अधिक खेदाची. वॉकमन हे नाव, यंत्रे घडवण्याचे कसब आणि स्वतःची संगीत कंपनी असे सर्व हाताशी असताना सोनीने बरीच वर्षे स्वतःच्याच एट्रॅक या फाइलप्रकाराचा आग्रह धरला आणि एमपीथ्री थेट वाजवण्याची सोय साधारण 2004 नंतरच दिली. ग्राहकाजवळ जी गाणी होती ती या यंत्रात सरळ जात नव्हती, मग जाहिरात कितीही देखणी असो.

मायक्रोसॉफ्टने तर दिलेले वचनच मोडले. 2004 मध्ये या कंपनीने ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे हमखास वाजेल, अशा अर्थाचे चिन्ह काढले होते. डिजिटल कुलूप, म्हणजे विकलेली फाइल ठरावीक यंत्रांवरच वाजावी यासाठी केलेला बंदोबस्त, सर्व कंपन्यांत सामायिक असावे असा त्याचा हेतू होता आणि अनेक उत्पादकांनी हे चिन्ह आपल्या खोक्यांवर छापले. नोव्हेंबर 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे झून हे यंत्र आणले तेव्हा त्या चिन्हाखाली विकलेली गाणी त्यावर वाजत नव्हती. ज्यांनी त्या हमीवर विसंबून पैसे मोजले त्यांच्या दृष्टीने हा सरळ विश्वासभंग होता. मित्राला बिनतारी पाठवलेले गाणे तीन दिवसांत तीनदाच ऐकता येईल ही झूनची अट त्याच्या मित्रमेळ्याच्या जाहिरातीला शोभणारी नव्हती. मोठ्या जाहिरातखर्चानंतरही 2011 मध्ये हे यंत्र बंद झाले.

ॲपलच्या जाहिरातींनी काय दडवले हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवे. तिच्या स्टोअरमधली बहुतेक गाणी 2009 पर्यंत कुलूपबंद होती आणि दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजत नव्हती. ग्राहक जितकी जास्त गाणी घेई तितका तो पुढच्या खरेदीत बांधला जाई, आणि हे खोक्यावर ठळकपणे कुठे लिहिलेले नव्हते. बॅटरी ग्राहकाला बदलता येत नव्हती. 2003 मध्ये केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या बंधूंनी न्यूयॉर्कमधील छायाकृतींच्या भित्तिपत्रकांवर रंग फवारून ही बॅटरी अठरा महिनेच टिकते असा मजकूर उमटवला आणि त्याचा लघुपट केला. पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात 2005 मध्ये तडजोड होऊन जुन्या आयपॉडधारकांना भरपाई देण्यात आली. आवाजाच्या पातळीचा मुद्दा आरोग्याशी निगडित असूनही तो सरकारांनाच उचलावा लागला. फ्रान्सने 100 डेसिबलची मर्यादा घातली आणि युरोपीय संघाने नंतर सुमारे 85 डेसिबलला सावधगिरीचा टप्पा ठरवला. तासन्‌तास ऐकण्याचे आमिष दाखवणारी जाहिरात कानाच्या जपणुकीविषयी गप्प राहिली, याचे समर्थन कोणत्याही व्यापारी कारणाने होत नाही.

फोनने हे यंत्र गिळल्यानंतर उरलेल्या बाजाराने उच्च दर्जाच्या ध्वनीचा आधार घेतला. आयरिव्हरचा अस्टेल अँड कर्न, गायक नील यंग यांचा पोनो, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या सांगाड्याचा सोनीचा 2016 मधील वॉकमन ही त्याची उदाहरणे आहेत. सीडीपेक्षा बारीक नमुने घेतलेला ध्वनी कानाला वेगळा जाणवतो का, यावर मात्र संशोधन एकमुखी नाही. मेयर आणि मोरान यांच्या 2007 मधील चाचण्यांत श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही, तर जोशुआ राइस यांनी 2016 मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण करून अत्यल्प पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य फरक दाखवला. लाखो रुपयांच्या यंत्रांच्या जाहिरातीत या अत्यल्प शब्दाला जागा मिळत नाही.

भारतातला अनुभव हा वरच्या सर्व मांडणीची उलट बाजूने झालेली परीक्षा आहे. इथे एचसीएल इन्फोसिस्टिम्ससारख्या वितरकांमार्फत आयपॉड अधिकृतपणे मिळत होता, सोनी, फिलिप्स, ट्रान्सेंड यांचे प्लेअर होते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्त चिनी प्लेअरही होते. परंतु आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर 2012 मध्ये, म्हणजे यंत्रानंतर अकरा वर्षांनी आले. कायदेशीर गाण्यांची वाट नसताना छायाकृतींची जाहिरात इथे केवळ श्रीमंतीचे चिन्ह ठरली. गाण्यांची इथली वाट दुसरीकडून आली. आधी शे-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी रस्त्यावर मिळू लागल्या, आणि 2005 नंतर सोनी एरिक्सनचे वॉकमन फोन, नोकियाचे एक्सप्रेसम्युझिक फोन आणि पाठोपाठ आलेले मोठ्या आवाजाचे स्वस्त फोन यांनी मेमरी कार्ड घरोघर पोहोचवले. तालुक्याच्या बसस्थानकाजवळचा मोबाइल दुकानदार ठरावीक पैसे घेऊन कार्ड भरून देऊ लागला. त्यात लावण्या, भीमगीते, भक्तिगीते, कोळीगीते आणि नवे चित्रपट असे ग्राहकाच्या सांगण्यावरून निवडले जाई. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दुकानापेक्षा हा दुकानदार ग्राहकाची आवड अधिक नेमकी ओळखत होता, आणि त्याची जाहिरात म्हणजे काचेवर चिकटवलेला एक कागद. व्यवहार विनापरवाना होता आणि गायक-संगीतकारांचा वाटा त्यात बुडत होता, हे निर्विवाद आहे. पण लोकांना यंत्र नको होते, भरलेले यंत्र हवे होते, हे या दुकानांनी सिद्ध केले. 2016 मध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाल्यावर हे काम दुकानदाराकडून स्ट्रीमिंग सेवांकडे गेले.

यातला धडा एका भारतीय कंपनीने बरोबर उचलला. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची वारस असलेल्या सारेगामाने 2017 मध्ये 5,000 जुनी हिंदी गाणी आधीच भरलेले कारवाँ हे जुन्या रेडिओच्या घाटाचे यंत्र 5,990 रुपयांना आणले, आणि पुढे त्याच्या मराठीसह इतर भाषांतल्या आवृत्त्या काढल्या. लता, रफी, किशोर अशी गायकांनुसार लावलेली केंद्रे फिरवायची, संगणक नाही, खाते नाही, उतरवणे नाही. मुलांनी आईवडिलांना द्यायची भेट म्हणून ते विकले गेले. जाहिरात पाहणारा, पैसे मोजणारा आणि ऐकणारा हे इथे वेगवेगळे असू शकत होते, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनाही ही भेट पाठवता येत होती. आयपॉडची हजार गाणी ही रिकामी जागा होती, कारवाँची पाच हजार गाणी ही खरोखरची गाणी होती. ध्वनिमुद्रणांचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्यानेच यंत्र विकायला घेतल्यामुळे रिओच्या खटल्यापासून लोंबकळत राहिलेला प्रश्न इथे उरलाच नाही. मर्यादाही याच रचनेत आहे: जे त्या कंपनीच्या संग्रहात नाही ते त्या केंद्रांतही नाही, आणि दुकानातल्या खोक्याकडे पाहून गायकाचे कोणते युग त्यात आहे आणि कोणते नाही, हे नवख्या ग्राहकाला कळणे अवघड असते.

उत्तर भारतातल्या कॅसेटच्या व्यापाराची नोंद पीटर मॅन्युएल यांनी 1993 मधील आपल्या ग्रंथात केली, त्यामुळे त्या काळातले स्वस्त कॅसेटचे उत्पादक, विक्रेते आणि गायक आज अभ्यासकांना ठाऊक आहेत. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदारांचे तसे सविस्तर दस्तऐवजीकरण निदान मराठीत झालेले दिसत नाही. ते दुकानदार अजून त्याच बाजारपेठांत फोनची दुरुस्ती करत बसलेले आहेत आणि त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या संगणकांत गावोगावच्या आवडीचे त्या वर्षांतले फोल्डर शिल्लक असण्याचा संभव आहे. विद्यापीठांच्या जनसंज्ञापन आणि संगीत विभागांनी ते संगणक भंगारात जाण्यापूर्वी या लोकांकडे जावे.